फार क्राय २ बद्दल कुणी का बोलत नाही?

डिचोलीकर

चार गेमवाले जमले की फार क्राय या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघतो आणि गाडी थेट तिसऱ्या भागावर जाते. वास नावाचा खलनायक, त्याचं वेडेपणावरचं भाषण, बेटं, वाघ. मग चौथ्या भागातला किरात देश आणि हत्तीवरची स्वारी. २००४ चा पहिला भागही लोक आदरानं आठवतात, कारण तेवढी हिरवी झाडी आणि तेवढा नितळ समुद्र त्याआधी आपल्या पडद्यावर कधी आलाच नव्हता. मधला, २००८ चा दुसरा भाग मात्र कुणी काढत नाही. काढलाच तर "तो मलेरियावाला ना, कंटाळवाणा होता" इथे विषय संपतो. मी तो पाच वेळा शेवटपर्यंत खेळलो आहे. माझ्या मते या मालिकेत यापेक्षा प्रामाणिक गेम झाला नाही. का, ते सविस्तर लिहितो.

खेळला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट. आफ्रिकेतला एक देश, नाव दिलेलं नाही. यादवी पेटलेली. एकीकडे यूएफएलएल, दुसरीकडे एपीआर, आणि दोघांनाही बंदुका विकणारा माणूस एकच. त्याला सगळे जॅकल म्हणतात. आपण त्याला मारायला आलेलो भाडोत्री. धावपट्टीवरून टॅक्सीत बसतो, ड्रायव्हर देशाची दशा सांगत राहतो, आणि पाला गावात पोचेपर्यंत अंगात ताप भरतो. डोळे उघडतात ते हॉटेलच्या खोलीत. ज्याला मारायचं तोच खाटेशेजारी उभा असतो. आपले कागद त्यानं वाचलेले असतात. तो नीत्शे या तत्त्वज्ञाचं एक वचन ऐकवतो आणि आपल्याला तसंच सोडून निघून जातो. गोळी घालावी एवढंही आपण त्याच्या लेखी कुणी नसतो. बाकीच्या भागांना आपल्याला हीरो करायची घाई असते. इथे सुरुवातीलाच आपण आजारी पडतो आणि ते दुखणं शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

मी हा गेम पहिल्यांदा २००९ च्या उन्हाळ्यात खेळलो. तेव्हा आमच्या गोव्यात, डिचोलीत खाणी जोरात होत्या. बाबा टिप्पर चालवायचे. जेटीपर्यंत ट्रकांची रांग असायची आणि सकाळी वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी तांबूस होऊन घरात यायचा. बाबांनी माझ्या खेळण्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला हाक मारायला आले आणि खुर्चीमागे उभेच राहिले. पडद्यावर तांबडा रस्ता, मागे धुरळा, इंजिनातून वाफ निघालेली जीप. मी गाडी थांबवली, उतरून बॉनेट उघडलं. गेममधले आपले हात पाना घेऊन इंजिनावर चालायला लागले. बाबांनी विचारलं, "कुठली जागा ही?" म्हटलं, आफ्रिका. ते म्हणाले, "माती आपलीच दिसते." मग म्हणाले, "दुरुस्ती संपेपर्यंत मागून कोण येतंय ते बघ." आणि खरंच मागून गाडी येत होती. घाटात गाडी बंद पडली की पान्याइतकंच रस्त्याकडे लक्ष ठेवायचं, ही त्यांची अंगात मुरलेली सवय. त्या गेमनं तीच सवय मला लावली.

मला मुख्यतः सांगायचंय ते हेच. फार क्राय २ मध्ये जमीन कधी आपली होत नाही. तिसऱ्या-चौथ्या भागात आपण मनोऱ्यावर चढतो, नकाशा उघडतो, छावणी जिंकतो, आणि त्या भागावर कायमचा आपला झेंडा लागतो. दुसऱ्या भागात नकाशा म्हणजे हातात धरलेला कागद. गाडी चालवताना तो मांडीवर घेऊन बघावा लागतो आणि बघताना गाडी झाडावर आदळू शकते. पडद्यावर बाण नाहीत, शत्रूंच्या डोक्यावर खुणा नाहीत. सुमारे ५० चौरस किलोमीटरचा प्रदेश आहे. लांब जायचं तर बसथांबे आहेत, पण थांब्यापर्यंत आपलं आपणच पोचायचं. हिऱ्यांच्या पेट्या दोनशेहून जास्त लपवलेल्या आहेत, आणि त्या शोधायला साधन काय, तर एक हिरवा दिवा, जो पेटीजवळ गेलं की भराभर लुकलुकतो.

बंदुकांचंही तेच. मेलेल्या शत्रूची बंदूक उचलली तर ती गंजलेली असते. ऐन वेळी अडकते, कधी हातात फुटते. नवी हवी तर हिरे मोजून विकत घ्यायची. तीही वापरून वापरून काळवंडते. जखम झाली की आपण स्वतःच चिमट्यानं दंडातली गोळी उपसून काढतो, निखळलेलं बोट ओढून बसवतो. सारखं सारखं ते बघताना मला अजून कससं होतं, आणि तसं व्हायलाच हवं. गोळी लागणं ही किरकोळ गोष्ट नाही, हे दुसऱ्या कुठल्या नेमबाजीच्या गेमनं मला इतकं सांगितलेलं नाही.

आणि बडी, म्हणजे आपला साथीदार. सुरुवातीला नऊ जणांतून आपण एक व्हायचं. उरलेल्यांतले काही नंतर वाटेत भेटतात. आपण पडलो की आपला बडी धावत येतो, ओढून आडोशाला नेतो, हातात पिस्तूल देतो. पण तोही पडतो. मग मॉर्फिनची सुई काढायची. एकीनं भागलं तर बरं. नाहीतर दुसरी, तिसरी. माझ्या पहिल्या खेळात जोसिप असाच गेला, नदीकाठी, भर दुपारी. तिसऱ्या सुईनंतरही तो माझ्याकडे बघत होता. मी सेव्ह केलेला जुना खेळ उघडला नाही. उघडायचा विचारही आला नाही, इतकं ते घडून गेलेलं वाटलं. पुढचे दोन दिवस मी नुसता गाडी घेऊन फिरत होतो.

या गेमचे दिग्दर्शक क्लिंट हॉकिंग. त्यांनी २००७ मध्ये बायोशॉक या गेमवर एक टीका लिहिली होती, ती अजून वाचली जाते. गोष्ट एक शिकवण देते आणि खेळायची रीत नेमकी तिच्या उलट वागायला लावते, असा तिचा मुद्दा. दुसऱ्याच वर्षी फार क्राय २ आला आणि त्यात त्यांनी ही फट बुजवायचा मनापासून प्रयत्न केला. गोष्ट सांगते की भाडोत्री माणूस देशाला आजारासारखा लागतो. खेळतानाही आपण तेच असतो. दोन्ही पक्षांचं काम करतो, दोघांनाही फसवतो, आणि आपण गेलो तिथे जास्त राख उरते.

दोष आहेत. पात्रं इतकी भराभर बोलतात की अर्धं कळत नाही. रस्त्यावरचे पहाऱ्याचे नाके साफ करून वळलं की पुन्हा माणसं उभी. आणि सगळ्यात मोठा दोष, ज्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही: त्या देशात माणसंच नाहीत. हातात बंदूक नसलेली माणसं भेटतात ती लपून बसलेली चार निर्वासित कुटुंबं. त्यांना प्रवासाचे कागद पोचवले की आपल्याला हिवतापाच्या गोळ्या मिळतात. कुणी शेत नांगरत नाही, कुणी मासे विकत नाही. आफ्रिकेवर असा गेम काढायचा आणि तिथल्या संसाराला जागा द्यायची नाही, हे मला खटकलं आणि अजून खटकतं.

तरीही संध्याकाळी सहाच्या उन्हात त्या गवतातून चालताना जे वाटतं ते पुढच्या एकाही भागानं मला दिलं नाही. तुमच्यापैकी कुणी खेळलंय का?

काजूबाग

खेळले आहे, आणि या धाग्याची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. तुम्ही आगीबद्दल काहीच लिहिलं नाहीत! या गेमची खरी कारागिरी आगीत आहे. २००८ मध्ये गवत पेटतं, वारा असेल त्या दिशेनं पसरतं, झाडावर चढतं, दारूगोळ्याच्या ढिगापर्यंत पोचतं, हे सगळं आधी लिहून ठेवलेलं नाही, तिथल्या तिथे घडतं.

मी सत्तरी तालुक्यातली. आमची काजूची बाग आहे. मार्च आला की बागेच्या कडेनं जाळरेषा काढायची, सुका पाला ओढायचा, आणि कुणी विस्तव लावणार असेल तर आधी वारा बघायचा. दुपारी वारा समुद्राकडून येतो, रात्री घाटाकडून उतरतो. मधल्या वेळात तो कुठे वळेल ते म्हाताऱ्यांनाही नक्की सांगता येत नाही. गेममध्ये मी एका छावणीवर पेटती बाटली फेकली, वारा माझ्या पाठीवर होता, आणि ऐटीत उभी राहून बघत होते. अर्ध्या मिनिटात ज्वाळा वळून माझ्याकडे आल्या. त्या क्षणी मी खुर्चीतून उठले होते.

२०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, तेव्हा आम्ही रात्री अंगणातून डोंगरावर ती केशरी रेघ बघत होतो. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. त्यानंतर बरेच महिने मी हा गेम लावू शकले नाही. नंतर लावला. आता त्यात पेटती बाटली वापरत नाही.

पाटोपूल

डिचोलीकर, लेख मनापासून लिहिलाय, पण नाक्यांवरून तुम्ही फार लवकर पुढे गेलात. मी पीएस३ वर, म्हणजे प्लेस्टेशन कन्सोलवर खेळलो. तिथे हवा तिथे खेळ सेव्ह करता येत नव्हता, सेफ हाउस गाठायलाच हवं. वाटेत तीन नाके. तिन्ही साफ करायचे, काम करायचं, परत येताना तिन्ही पुन्हा भरलेले. शेवटच्या नाक्यावर मेलो की पाऊण तास पाण्यात. याला प्रामाणिकपणा म्हणायचं की खेळाडूच्या वेळेची किंमत नसणं? आणि ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांचीच माणसंही आपल्यावर गोळ्या झाडतात, हे तर मला कधीच पटलं नाही.

डिचोलीकर

@पाटोपूल, कन्सोलवरच्या सेव्हबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मी संगणकावर खेळलो, तिथे कुठेही सेव्ह करता येतं, त्यामुळे तो जाच मला झाला नाही. गोळ्या झाडण्याचं कारण गेम सांगतो: आपली कामं गुप्त आहेत, नाक्यावरच्या पोरांना त्याची खबर नसते. पालातल्या युद्धबंदीच्या हद्दीपुरती तेवढी शांतता. नाके भरण्याचा वेग मात्र चुकलाच. दिवसभरानं भरले असते तर कुणी तक्रार केली नसती. पण कायमचे रिकामे राहिले असते तर तो देश माझा झाला असता, आणि मग मला तो इतका लक्षात राहिला नसता.

एक करून बघा. नाक्यावरून जायचंच नाही. नदीत होडी आहे, रानातून पायवाटा आहेत, रात्री झोपडीच्या मागून सरकता येतं. मी तिसऱ्यांदा खेळलो तेव्हा निम्म्याहून जास्त नाके नुसते टाळले.

तापपट्टी

मी पणजीत आरोग्य खात्याच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून हिवतापाबद्दल दोन गोष्टी. गेममध्ये अधूनमधून डोळ्यांपुढे पिवळट होतं, गोळी घेतली की क्षणात बरं वाटतं. तसं होत नाही. गोळीनं तापाचं चक्र तुटायला वेळ लागतो. पण ताप पुन्हा पुन्हा उलटणं अगदी खोटं नाही. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी परत उठतो. म्हणून आपल्याकडे त्याला क्लोरोक्विन तीन दिवस आणि त्यासोबत प्रायमाक्विन चौदा दिवस देतात. लोक चौथ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या सोडतात आणि मग पुन्हा आमच्या दारात येतात. आफ्रिकेत मात्र मुख्यतः फॅल्सिपेरम असतो. तो असा यकृतातून उलटत नाही, पण जीव घेतो.

गोव्यात बांधकामावर येणाऱ्या कामगारांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र सक्तीचं केलं ते याच तापामुळे. गच्चीवरच्या टाकीत, इमारतीच्या साचलेल्या पाण्यात डास वाढतो. मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, त्यानं हा धागा दाखवला. हीरोला ताप आला तर त्याला दुसऱ्यांचे कागद पोचवून औषध मिळवावं लागतं, हे ऐकून बरं वाटलं.

खांद्यावरची

बंदुकांबद्दल माझी भर. गेममध्ये एफएन फाल ही रायफल आहे. आपल्या सैन्यानं आणि पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेली, इशापूरला बनलेली एसएलआर त्याच घराण्यातली. लांब, जड, ७.६२ ची गोळी. गेममध्ये तिचा खांद्याला बसणारा धक्का फार चांगला दाखवलाय.

पण एके-४७ इतक्या वेळा अडकते, हे काही खरं नाही. चिखलात पडलेली एके चालते, म्हणून तर ती जगभर पसरली.

डिचोलीकर

@खांद्यावरची, एकेबद्दल बरोबर. गेमनं ते वाढवून दाखवलंय. मला वाटतं त्यांना बंदुकीपेक्षा व्यापार दाखवायचा होता. एका युद्धातून उरलेला माल दुसऱ्या युद्धात, तिथून तिसऱ्यात. जॅकलच्या मुलाखतीच्या टेपा सापडतात त्यांत तो नेमकं हेच बोलतो. त्या टेपा शोधून ऐका, गोष्टीचा कणा त्यांत आहे.

फालची माहिती मला नव्हती. देव बरें करूं.

मांडवीतीर

डिचोलीकरबाब, तुम्ही शेवटी लिहिलेला दोष वाचून एक आठवण सांगावीशी वाटली. आमच्या वाड्यावर एक म्हातारे शेजारी होते. तरुणपणी लोरेन्सो मार्किशला, म्हणजे आताच्या मापुतोला, नोकरीला होते. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा परत आले. दोनच वर्षांनी तिथे यादवी सुरू झाली, ती १९९२ पर्यंत चालली. तिथले त्यांचे मित्र कुठे गेले ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी हा गेम खेळत असताना ते एकदा आमच्याकडे आले. मी त्यांना मुद्दाम गाव दाखवलं. पत्र्याची छपरं, चर्च, दुकानांच्या ओळी. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाजारांत बायलो खंय?" बाजार आहे आणि बायका नाहीत, असा बाजार त्यांनी आफ्रिकेत कधी पाहिलाच नव्हता. टोपल्या, शेंगदाणे, काजू, सुकं मासं, सगळं बायकांच्या हातात. मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, "झुजांत बाजारूच उरना." युद्धात बाजारच उरत नाही. तेव्हापासून मला ती रिकामी गावं वेगळी दिसतात. तरी तुमचा मुद्दा मी खोडत नाही. गेम करणाऱ्यांनी इतका विचार केला होता असं मला वाटत नाही.

हिऱ्यांबद्दलही बोलायला हवं. गेममध्ये नोटा कुठेच नाहीत, सगळा व्यवहार कच्च्या हिऱ्यांत. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेनं वर्षानुवर्षं हिरे विकून युद्ध चालवलं. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सरकारी दाखल्याशिवायच्या अंगोलन हिऱ्यांवर बंदी घातली, आणि २००३ पासून किंबर्ली प्रक्रियेखाली कच्च्या हिऱ्यांना प्रमाणपत्र लागू लागलं. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून घेतात. त्यामुळे ती लुकलुकणारी पेटी उघडताना मला तो देश काही फार लांबचा वाटत नाही.

काजूबाग

@मांडवीतीर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या आजोबांचं वाक्य आता गेम लावला की आठवणार.

अजून एक. या भागात हिंस्र जनावर नाही, कुणाच्या लक्षात आलंय का? झेब्रे, हरणं, म्हशी, कोंबड्या. सिंह नाही, बिबट्या नाही. पुढच्या भागांत पावलोपावली काहीतरी अंगावर येतं आणि आपण त्याचं कातडं काढून पिशवी शिवतो. इथे झेब्रा नुसता पळतो. त्याला मारून काही मिळत नाही. मी गाडी थांबवून कळप जाऊ देते.

पेडणेकर_नवा

मी २००६ चा जन्म. पाचवा आणि सहावा भाग खेळलोय, दुसऱ्याचं नाव ऐकून होतो. हे सगळं वाचून घ्यावासा वाटला. आता मिळतो का? आणि नऊ जणांतून कोण निवडू? चुकीचा निवडला तर पुढे अडचण होईल का?

डिचोलीकर

मिळतो. स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन गेमदुकानांत 'फॉर्च्युन्स एडिशन' आहे, साध्या संगणकावरही पळतो.

कुणीही निवड रे. ताकदीत फरक नाही, आणि स्वतःचा चेहरा तुला फारसा दिसणारही नाही. फक्त ज्याच्याशी तुला मैत्री करावीशी वाटते त्याला निवडू नकोस, म्हणजे तो पुढे बडी म्हणून भेटू शकेल. मी दर वेळी जोसिप आणि कुर्बानी सिंग यांना सोडून निवडतो.

पहिल्या दिवशी मोठी कामं घेऊ नकोस. जवळचं सेफ हाउस गाठ, तिथल्या माणसांना हाकल, खाटेवर झोप आणि घड्याळ पहाटेचं लाव. अंधार सरत असताना बाहेर पड. गवत ओलसर दिसतं आणि नाक्यावरचे पेंगत असतात. मॉर्फिनच्या सुया कमी असताना बडीला हाक जाईल असं भांडण काढू नकोस. आणि डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं की आधी गाडी थांबव, मग गोळी घे.

पेडणेकर_नवा

डाउनलोड लावलंय. इथे पाऊस आणि लाइट जातेय-येतेय, सकाळपर्यंत उतरेल बहुतेक. पहिल्यांदा आग लागली की इथे येऊन सांगतो.